झरोक्याखालची ओली गादी

"सिलिकॉनला हात लावशील तर याद राख, इर्मा! छतावर सिलिकॉन फासणं म्हणजे फाटक्या शिडाला पाकानं ठिगळ लावणं!"

बाबांचा तो आवाज किती वर्षांमागचा! तेव्हा ते याच ट्रेलरच्या छतावर पालथे पडून झरोक्याच्या कडा बुजवत होते आणि ती शिडीवरून त्यांना चिकट पट्ट्या देत होती. आज बाबा नव्हते. त्यांच्या जागी इर्मा पालथी पडली होती, आणि झरोक्याभोवती सिलिकॉनचा पांढरा लगदा वाळून बसला होता.

"हे कुणी केलं?" तिनं वरूनच विचारलं.

खाली शेजारचे रेनोकाका शिडी धरून उभे होते. त्यांनी टोपी पुढे ओढली. "तुझी आई म्हणाली, गळतंय. माझ्याकडे तीच नळी होती."

"काका, जन्मभर बोटी दुरुस्त केल्यात ना तुम्ही?"

"बोटीला पाणी खालून लागतं, बाई."

ट्रेलरच्या दारावरच्या कापडी छपराखाली घडीच्या खुर्चीत बसून हेल्मी, इर्माची आई, वेलचीच्या पावाचे काप करत होती. "त्याला कशाला बोलतेस? राहू दे ते. खाली ये, कॉफी निवतेय."

"राहू दे? उद्या सकाळी ड्वेन तपासायला येणार, आणि राहू दे?"

इर्माचं डोकं फिरायला तेवढं एक नाव पुरे होतं. ट्रेलर पार्क, म्हणजे अशा राहत्या ट्रेलरांची ही वसाहत, नव्या मालकांनी घेतलं होतं. जुना ट्रेलर आतून कोरडा असेल तर राहील, गळत असेल तर जागा सोडायची, असा त्यांचा नियम. आणि तो राबवायला त्यांनी गावातलाच ड्वेन नेमला होता. जागा गेली की आईला गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत जावं लागणार.

"चाळीस वर्षं नदीच्या मुखाशी मासे धरले बाबांनी," इर्मा खरवडणी चालवत बोलत होती, "तिथंच, पाणी दिसेल असं त्यांना राहायचं होतं. आणि हे कोण कुठले, तुला त्या खुराड्यात टाकणार? तुला इथून कोण हलवतं ते बघतेच मी!"

"ठीक आहे," आई म्हणाली.

आईचं हे असंच. घर विकून कायमचं ट्रेलरमध्ये राहायला यायचं बाबांनी ठरवलं, तेव्हाही ती "ठीक आहे" एवढंच म्हणाली होती. बाबा ते चारचौघांत कौतुकानं सांगत.

इर्मानं लगदा खरवडला. गंजके स्क्रू काढले, जुनी चौकट उचकटली, खालचा पत्रा पुसून लख्ख केला. नवी चिकट पट्टी दाबून बसवली, तिच्यावर नवी चौकट, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर छताचा लेप. लेप आपोआप पसरत गेला, दुधावर साय धरावी तसा. झाकण नवं होतं. आतून मूठ फिरवली की उघडत होतं आणि अलगद मिटत होतं.

लेप धरल्यावर रेनोकाकांनी नळीनं छतावर धो धो पाणी सोडलं. इर्मा आत, झरोक्याखाली तळहात पसरून उभी.

"एक थेंब नाही!" ती ओरडली.

"एकही नाही?" आईनं विचारलं.

"एकही नाही. आज झरोक्याखालच्या या पलंगावर झोप तू. बाकावर अंग दुमडून झोपायचे दिवस संपले."

"मला सवय झालीय गं," आई म्हणाली आणि बराच वेळ झरोक्याकडे बघत राहिली.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी इर्मा गावातून आली तेव्हा ड्वेन पोचला होता. तो पलंगाशी उभा होता आणि त्याचा हात गादीवर होता. गादी चिंब. आई बाकावर कॉफीचा कप धरून बसली होती.

"शक्यच नाही," इर्मा म्हणाली. शिडी लावून, भर पावसात ती छतावर चढली. लेप अखंड होता, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. ती खाली उतरली ती पेटूनच.

"वर काहीही फुटलेलं नाही. हे मुद्दाम केलंय कुणीतरी! ड्वेन, लाज नाही वाटत? एकट्या म्हातारीच्या अंथरुणावर पाणी ओतता?"

"इर्मा, शाळेपासून ओळखतेस मला."

"ओळखते म्हणूनच म्हणते! मालकांनी हाड टाकलं की शेपूट हलवणारा तू! कोर्टात खेचीन. पेपरात देईन. आईच्या केसाला धक्का लागला तर पार्कच्या फाटकात आडवी पडेन मी!"

रेनोकाका दारात येऊन उभे राहिले. आणखी दोन शेजारी पावसातच थांबले. ड्वेन लालबुंद झाला. त्यानं ओला हात पँटला पुसला.

"बरं बाई, मी काही पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला. "आत कोरडं होतं असं सांगतो मालकांना. गादी वाळवा. मावशी, राहा तुम्ही."

इर्माला हसू आणि रडू एकदम आलं. तिनं आईला खांद्याशी धरलं. "ऐकलंस? तुला कुठं जायचं नाही. आता कधीच नाही!"

हेल्मीनं कप खाली ठेवला.

"रात्री झाकण मी उघडलं, इर्मा, आणि सकाळी मिटलं. पाऊस लागला की दर वेळी मीच उघडते. तुझ्या बाबांना नको म्हणता आलं नाही, तुलाही म्हणता येईना. ड्वेन, पाहिलंस तेच सांग त्यांना. मला इथून जायचंय."