हातातला जोर

दगडावर नावं कोरणाऱ्या दुलीचंदबाबांचे हात थरथरू लागले होते. ग्राइंडर एकदा बोटाला चाटून गेला, तेव्हा संघमित्रानं बापाला न सांगता घरच्या स्विचबोर्डाच्या आत रेग्युलेटर बसवून घेतला आणि मशीनचा स्पीड निम्म्यावर आणला. दगड कापून कापून बाबांचे कान कधीच गेलेले, त्यामुळे बदललेला आवाज त्यांना कळला नाही.

त्या वेळी ते विहाराच्या दानदात्यांचा दगड कोरत होते. सकाळभर मशीन दाबून धरली, तरी स्वतःच्या वारलेल्या बायकोचं, 'कालकथित सीताबाई' हे नाव काही नीट उठेना. दुपारी ते दगड आणि मशीन ऑटोत घालून निघून गेले.

संध्याकाळी बाबा ऑटोतून उतरले, तेव्हा हातात फक्त मशीनची पिशवी होती.

"बाबा, दगड कुठी हाय?" संघमित्रानं त्यांच्या कानाशी मोठ्यानं विचारलं.

"तिरोडीच्या कारागिराले देऊन आलो. तुह्या आईचं नाव आता तोच कोरन."

"काहून पण?"

बाबांनी मशीन फडक्यात गुंडाळली.

 

"मले वाटलं मशीनच बिघडली. बालाघाटच्या मिस्त्रीनं त्याच्या दुकानात चालवून पाह्यली, तं म्हणे एकदम नव्यासारखी पळते. माह्याच हातातला जोर गेला, पोरी."