नापास बॉयलर

"बॉयलर नापास झाला," असं सांगून नवऱ्याने टोपी खुंटीला अडकवली आणि तिच्यासमोर शेंगा सोलायला बसला.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. रविवारी उजेडी घरी आलेला नवरा तिने उभ्या संसारात पाहिला नव्हता.

"काय झालं त्याला?"

"आतून गेलाय."

तिने भराभर शेंगा सोलायला घेतल्या. चोराच्या मनात चांदणं. बॉयलर आतून कशाने जातो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ज्याचा हा बॉयलर, ते नवऱ्याने घडवलेलं छोटं रेल्वे इंजिन म्हणजे काही दिवाणखान्यातलं खेळणं नव्हतं. उंची गुडघ्याएवढी, पण खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालायचं आणि मागे सहा जाडजूड माणसं बसवून ओढायचं. ज्याच्यावरून ते केलं, ते मूळचं इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. ज्या फाट्यावर ते धावायचं, त्याचे रूळही रेल्वेने उखडून नेले होते. नवऱ्याने जुन्या फोटोंवरून मापं काढली, चाकं ओतून आणली, एकेक भाग लेथवर कातला. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा हाती घेतलेलं काम तिचं लग्न होऊन गेल्यावर संपलं. मग दर रविवारी अशी छोटी इंजिनं चालवणाऱ्या हौशी मंडळाच्या मैदानातल्या छोट्या रुळांवर त्याची फेरी. शेजारणी इंजिनाला तिची सवत म्हणायच्या. ती हसायची, पण वरवर.

सवतीचं पाणी भरायचं काम मात्र तिच्याकडेच होतं. घरच्या नळाचं पाणी इतकं जड, की पातेल्याला पांढरं कडं धरायचं. बॉयलरला ते वर्ज्य. त्याला पन्हळीखाली साठवलेलं, फडक्याने गाळलेलं पावसाचं पाणीच लागे. गेल्या वर्षी लग्नाचा वाढदिवस नेमका रविवारी आला, आणि नवरा "लवकर येतो" म्हणून निघाला तो अंधार पडल्यावर उगवला. पुढच्या खेपेला तिने कॅन सरळ नळाखाली धरला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग हात त्याच वळणावर पडला. पडू दे ते खटारं एकदाचं बंद, म्हणजे माणूस घरात दिसेल तरी.

आता माणूस घरात दिसत होता. उठता बसता दिसत होता. पण त्याच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. जेवताना घास हातात धरून तिच्याकडे बघत बसायचा. यांनी ओळखलं की काय, या धास्तीने ती मान खाली घालायची. बाजाराची पिशवी तो उचलायचा, कपडे तो वाळत घालायचा. मुलीलाही फोन करून म्हणाला, "रजा काढून ये थोडे दिवस." एवढा खचला होता बिचारा.

मागे जिना चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा याच माणसाने दवाखान्याची वेळसुद्धा रविवार सोडून घेतली होती. सुई बघून तिला घेरी येते, म्हणून रक्त देऊन झाल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली आणि पुढच्या खेपेलाही आत तोच बोलून आला. "रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात," एवढंच सांगून रस्ताभर गप्प. डोकं इंजिनात, दुसरं काय. आणि आता तोच माणूस गोळी तिच्या हातावर ठेवून, पाण्याचा पेला धरून उभा राहायचा. एवढ्या गुणी माणसाच्या आनंदात आपण माती कालवली.

एका सकाळी तो म्हणाला, "लेथ विकायला काढलीय. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"अहो, लेथ कशाला? दुसरा बॉयलर नाही का करता येणार?"

"आता कुठे वेळ आहे," तो म्हणाला.

दिवसभर घरात बसून असलेला माणूस वेळ नाही म्हणत होता. आता मात्र तिला राहवेना. लेथ गेली तर त्याचे हातच गेल्यासारखे. त्याच्यासमोर तोंड उघडायचा धीर तिला नव्हता. शेजारी जाऊन येते, असं सांगून ती तडक मंडळाच्या बॉयलर तपासनिसाच्या कारखान्यात गेली. तो नवऱ्याचा जुना दोस्त. कुठला बॉयलर पास, कुठला नापास, हे तोच ठरवायचा.

तिला बघून त्याने हातातला पाना ठेवला आणि स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली नाही.

"भावजी, बॉयलर मी घालवला," ती म्हणाली, आणि नळाच्या पाण्याचं सगळं त्याला सांगून टाकलं. सांगता सांगता रडू आवरेना. "त्यांना लेथ विकू देऊ नका. नवा बॉयलर करायला लावा. माझं नाव सांगायचं तर खुशाल सांगा."

तपासनीस डोकं खाजवत राहिला. "वहिनी, आत पांढरा थर धरला होता खरा. पण अॅसिडने धुतला, गेला. बॉयलर ठणठणीत आहे. दुप्पट दाब दिला, थेंब गळला नाही. मी पासच केलाय."

"मग हे नापास का म्हणाले?"

"तुम्हाला तसंच सांगायचं, असं त्याने मलाही बजावलंय. म्हणाला, उरलेत तेवढे दिवस घरात काढायचेत. खरं कारण सांगितलं तर ती मला हट्टाने मैदानात पाठवील."

तिने टेबलाची कड धरली.

"काय झालंय त्यांना? किती दिवस उरलेत? भावजी, माझ्यापासून लपवू नका."

"त्याला? त्याला काय धाड भरलीय? तो तर..." तपासनीस बोलता बोलता तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "डॉक्टर तुमच्याबद्दल काय म्हणाले, ते त्याने तुम्हाला सांगितलंच नाही?"