गोवराच्या सालातली नावं

सेफेरिनो खड्ड्यात उतरला आणि सरळ मांडी घालून बसला. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरले. पण बसला तो बसलाच. वर क्रेनच्या साखळीला स्मारकाची शिळा आडवी लोंबत होती. अकरा वाजता लोक जमायच्या आत ती याच खड्ड्यात बसवायची होती.

"आता सोड खाली," तो फुर्तादोला म्हणाला. "माझ्या अंगावर."

फुर्तादो हा गावातला थडग्यांचे दगड घडवणारा. त्यानं क्रेन थांबवली आणि रुफिनाकडे बघितलं. रुफिना सेफेरिनोची थोरली बहीण. नऊ वर्षं बिशपच्या कचेरीत खेटे घालून तिनं ही शिळा मंजूर करून घेतली होती. आणि शिळेवर काय कोरायचं ते ठरल्यापासून, म्हणजे गेले सहा महिने, तिचा सख्खा भाऊ तिच्याशी बोलत नव्हता.

सान तेल्मोच्या मिशनमध्ये पाट्यांना काही तोटा नाही. घंटा देणाऱ्याची पाटी आहे, भूकंपानंतर भिंत सावरणाऱ्यांची आहे, गुलाबाच्या ताटव्यालासुद्धा बागमंडळाची पितळी पाटी आहे. दारातच पाद्रीबाबांचा पुतळा उभा आहे, एका उघड्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून. पाद्रीबाबांचं नाव चौथऱ्यावर आहे, पोराचं नाही. आणि ज्यांनी मातीच्या विटा पाडून हे सगळं उभं केलं ते इथले मूळचे आदिवासी, रुफिना-सेफेरिनोचे पूर्वज, भिंतीलगतच्या याच हिरवळीखाली पडलेले, जिथे आता खड्डा खणला होता. त्यांच्या वाट्याला आजवर एकच पाटी आली होती : गवतावर चालू नये.

"काल फुर्तादोच्या दुकानात जाऊन बघून आलोय मी," सेफेरिनो खड्ड्यातून म्हणाला. "मारिया. मारिया. होसे. पुन्हा मारिया. एकशे बारा माणसं गेली त्या गोवराच्या साली, त्यात सत्तावीस मारिया. आपली पणजीची पणजी यातली कुठली, हात लावून दाखव."

रुफिनानं घड्याळात बघितलं. तो थांबला नाही.

"पाणी शिंपडून ठेवलेली नावं ही. खरी नावं बाप्तिस्म्याच्या वहीत आहेत, शेजारच्याच रकान्यात. दोन हिवाळे तू त्या वहीवर मान मोडलीस. मग दगडावर पाद्र्यांनी दिलेलीच का? मी सांगू? बिशपनं कॉफी पाजली आणि तू विरघळलीस."

हे तिला लागलं. लागणारच. घरच्या माणसाला नेमकं कुठे टोचायचं ते ठाऊक असतं.

त्यांच्या जमातीत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, वाटेला लागलेलं माणूस मागे वळतं. त्यांची आई गेली तेव्हा त्याच नावाच्या एका लांबच्या मावशीला सगळे 'नदीवरची मावशी' म्हणू लागले, ती मरेपर्यंत तीच राहिली. हे सेफेरिनोला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तोंडानं घेणं वेगळं आणि दगडावर कोरणं वेगळं, हे त्याचं ठाम मत होतं.

"कोरलं की वाचतातच रे," रुफिना अखेर म्हणाली. "बस भरभरून शाळेची पोरं येतात इथे. बाई म्हणणार, चला, कोण मोठ्यानं वाचून दाखवतंय?"

"मग वाचू देत. दोनशे वर्षं त्यांना कुणी हाक मारली नाही. वळले मागे तर वळू देत. बघू देत, आपण अजून आहोत ते." त्यानं खड्ड्यातली माती मुठीत धरली. "पण असली उसनी नावं त्यांच्या उरावर ठेवायची असतील तर नुसती माती बरी. मी उठणार नाही. लोक येऊ देत, फादर येऊ देत. सगळ्यांसमोर बसून राहीन."

तो राहिला असता. रुफिना त्याला जन्मापासून ओळखत होती. तिनं फाटकाकडे बघितलं. साडेसात वाजले होते, अजून चिटपाखरू नव्हतं. म्हणूनच तर तिनं फुर्तादोला इतक्या सकाळी बोलावलं होतं.

"तुला आधी सांगितलं असतं तर तू जमातीच्या बैठकीत उभा राहून वाचून दाखवलं असतंस," ती म्हणाली. "तुझ्या पोटात कधी काही राहिलंय?" मग ती फुर्तादोकडे वळली. "पोतं काढ."

शिळेच्या खालच्या अंगाला पोतं बांधलेलं होतं. कडा फुटू नयेत म्हणून असेल, असं सेफेरिनोला वाटलं होतं. फुर्तादोनं चाकूनं दोरी कापली. पोतं निसटून खड्ड्यात पडलं आणि सेफेरिनोनं मान वर केली.

खालच्या अंगालाही अक्षरं होती. तिथे होसे नव्हता, मारिया नव्हती. वरच्यापेक्षा बारीक आणि वरच्यापेक्षा कितीतरी जीव लावून कोरलेली एकशे बारा नावं. लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून जी बोली त्यानं अर्धीमुर्धी ऐकली होती, त्या बोलीतली. पहिल्या नावावर त्याचे ओठ हलले. त्यानं झटकन तोंडावर हात दाबला.

"मी कोरली," फुर्तादो हळूच म्हणाला, "पण एकही तोंडातून बाहेर काढलं नाही. रुफिनाबाईंनी शपथ घातली होती."

सेफेरिनो किती तरी वेळ तसाच वर बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत आलं तरी त्यानं पुसलं नाही. मग त्यानं हात पुढे केला आणि बहिणीनं त्याला खड्ड्याबाहेर ओढून घेतलं.

"एवढी मेहनत केलीस, आणि आता पालथी घालणार," तो म्हणाला. "ती वाचणार कोण, ताई?"

"ज्यांची आहेत ते," रुफिना म्हणाली. "ते खालीच आहेत."