काळुरामकाकांची कमान

कोलशेतचा केतन सायकल शर्यतीचा पहिला टप्पा जिंकला. म्हणजे, तसं काही झालेलंच नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारायची आणि सगळ्यात कमी वेळ लावणाऱ्याला पिवळी जर्सी. केतन सगळ्यांपेक्षा फास्ट आलेला. समोर झेंडूची कमान दिसली. तिच्यावर त्याच्या सख्ख्या काकांचा, काळुरामकाकांचा भलामोठा फोटो, खाली पासपोर्टएवढा केतन आणि 'विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन'. केतनने हात वर करून ब्रेक मारला. काकांनी लगेच हार घातला.

शर्यतीची खरी रेषा शंभर मीटर पुढे होती.

"कमान इथे कोणी लावायला सांगितलेली?" हार रस्त्यावर आपटत केतन ओरडला.

"तिकडे आयोजक लावू देत नव्हते! आणि तू थांबलास कशाला रे, येड्या?"

"तुमचं थोबाड दिसलं म्हणून! यापुढे दिसलात ना, तर सायकल अंगावर घालेन!"

पुतण्याशी संबंध तिथेच तोडून काकांनी आयोजकांना अर्ज लिहायला घेतला.



"महोदय, आमची कमान आधी उभी राहिलेली असल्याने अंतिम रेषा सकाळपासून तिच्याखालीच होती असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."