गाडी उचलायची कशी?

“पेव्हर ब्लॉकवर गाडी ठेवून मी खाली झोपू? मला पोचवायचा विचार आहे काय रे, बंडू?”

लवूअण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर त्यांची बावीस वर्षांची मोतिया रंगाची गाडी, आणि शेजारी त्यांच्या जुन्या दोस्ताने, बंडूने, घाम गाळून आणलेले आठ पेव्हर ब्लॉक. परळच्या त्या चाळीचं पटांगण तापलं होतं. लवूअण्णांची सून सीमा सरबताचा ग्लास घेऊन दोघांच्या मध्ये उभी होती. तो आधी कुणाला द्यावा हे तिला कळेना.

“अरे लवू, रस्ते उभे आहेत याच्यावर.”

“म्हणून तर दर महिन्याला उखडतात. तुला फुकट मिळाले ते तसेच ना?”

बंडूने ग्लास स्वतःच घेतला.

गाडी आज चालती झाली नाही, तर उद्या सकाळी ती भंगारात जाणार होती. उद्या पटांगणात गणपतीच्या मंडपाचे बांबू यायचे होते आणि मंडळाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. अकरा महिने, म्हणजे त्यांची बायको सुभद्राबाई वारल्यापासून, गाडी जागची हलली नव्हती. ब्रेकचं तेल गळून गेलं होतं. पेडल दाबलं की थेट तळाला जायचं. लवूअण्णा जन्मभर फिटर. त्यांना हे काम दोन तासांचं. ब्रेकचं नवं सिलिंडर त्यांनी कधीच आणून ठेवलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच की गाडी वर कशी घ्यायची. घरचा जॅक बिघडला, असं ते सांगत. आणि गॅरेजवाल्याला ते गाडीला हात लावू देत नसत.

सीमाला गाडीचं फारसं काही नव्हतं. पण बाबा सकाळी फडकं घेऊन तिला पुसायला खाली उतरत. दिवसभरात तेवढंच. गाडी गेली की तेही बंद होईल, ही तिची भीती होती.

म्हणून तिनेच सगळ्यांना कामाला लावलं होतं. तिचा नवरा वैभव, त्याने स्वस्तातला कात्री जॅक मागवला. लवूअण्णा म्हणाले, “हा चाक बदलण्यापुरता. याच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याने आधी फोटो काढून ठेवावा, हाराचं माप घ्यायला.” मग कुणी तरी लाकडी उतार सुचवला, गाडी त्याच्यावर चढवायची. “ब्रेक नाही तिला. चढेल ती पलीकडे उतरून थेट नाक्यावर जाईल.” प्रत्येक वेळी त्यांचं म्हणणं बरोबर असायचं. आणि प्रत्येक वेळी गाडी जमिनीवरच राहायची.

सरबत संपायच्या आत हातगाडीवर लाकडाचे ठोकळे लादून अवधूत आला. तो गणपतीच्या कारखान्यात कामाला होता.

“अण्णा, आम्ही बारा फुटी मूर्त्या उचलतो. ही तर उंदीर.”

“मूर्तीखाली कोण झोपत नाही मेल्या.”

“तुम्ही बघा तर.”

त्याने पुढच्या चाकांना दगड लावले. मागून पहार घातली, बंडूला तिच्यावर लटकवलं, आणि गाडी चार बोटं उचलल्याबरोबर खाली ठोकळा सरकवला. मग दुसरी बाजू, पुन्हा चार बोटं. एक थर उभा, त्यावर एक आडवा. मूर्ती अशीच उठते, घाई न करता. अर्ध्या तासात गाडीची मागची चाकं हवेत होती. अवधूतने खांदा लावून तिला जोरात ढकललं. गाडी हलली नाही.

“काढा आता खोट.”

लवूअण्णांनी एक चक्कर मारली. ठोकळ्याला लाथ मारून पाहिली. खोट नव्हती.

“बरं आहे,” ते म्हणाले, आणि जाऊन पायरीवर बसले.

बंडू आणि अवधूत जेवायला गेले. लवूअण्णा उठले नाहीत.

“बाबा, करायचं ना सुरू?”

“ऊन उतरू दे.”

“पाना काढून ठेवू?”

 सीमाने पान्यासाठी डिकी उघडली. आत जुन्या साडीच्या तुकड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिने सोडलं. घरचा जॅक होता. शेजारी दोन लोखंडी स्टँड. सगळ्याला तेलपाणी केलेलं. तिने दांडा दोन-तीनदा दाबला. जॅक गुपचूप वर आला.

“बाबा, हा तर चांगला चालतोय!”

लवूअण्णा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

“चालतोय गो. सिलिंडर मी बदलेन एकटा. पण मग पाइपातली हवा काढावी लागते. मी खालून नट सैल करायचा, आणि त्याच वेळी वर बसून कुणीतरी ब्रेक दाबायचा. बावीस वर्षं तुझी सासू दाबायची.”

सीमाने जॅक परत गुंडाळला. मग पुढचं दार उघडून ती आत बसली. सीट सासूच्या बेताने पार पुढे ओढलेली होती. तिचे गुडघे स्टेअरिंगला टेकले. तिने सीट मागे घेतली नाही.

“आत्तापासून कशाला बसलीस? तासभर लागेल मला.”

“बसते.”

 लवूअण्णा उठले, पाना घेतला आणि गाडीखाली शिरले.

तासाभराने खालून आवाज आला, जरा चढाच.

“तीनदा दाब आणि धरून ठेव. मी सांगेपर्यंत पाय काढायचा नाही. तुझी सासू मध्येच काढायची, आणि वर मलाच म्हणायची, तुम्हाला जमत नाही.”