नंदीबैल सर

वेल्डिंगच्या वर्गात ठिणगीविना सराव करायचा सिम्युलेटर आला आणि त्यावर पहिला नापास झालो मी, म्हणजे मास्तरच. डोळ्यांवर त्याचा चष्मा असूनही काम सुरू करताना माझी मान झटकन खाली जायची आणि यंत्र गुण कापायचं. हात गुंतलेले असतात, म्हणून तीस वर्षं हेल्मेटची काळी काच अशीच मानेच्या झटक्याने डोळ्यांवर पाडत आलोय. फळ्यावर कुणीतरी लिहिलं, ‘नंदीबैल सर’. मान न हलवता अठ्ठ्याण्णव गुण मिळवलेल्या पोरीला आज खऱ्या लोखंडासमोर उभं केलं. तिने वेल्डिंगची कांडी धरलेला होल्डर पुढे नेला, पण हेल्मेटची काच वरच होती. ओरडलो असतो तर ती दचकली असती, कांडी लोखंडाला टेकून ठिणगी पडली असती आणि तिचे डोळे भाजले असते. तिच्यासमोर जाऊन मी मान खाली झटकली. तिनेही झटकली, काच पडली. तास संपल्यावर ती फळ्यावरचं नाव पुसायला गेली. “राहू दे,” मी म्हणालो, “उद्याच्या बॅचलाही हेच शिकवायचंय.”