लाल रेघ वर

"प्लग काढलास?" इराने विचारलं.

"काढला ने, बाबा," सौमित्र म्हणाला.

तरी तिने वाकून स्वतः पाहिलं. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या त्याच्या खोलीत सिंथेसायझरची पेटी उघडी होती आणि एका मॉड्यूलची जागा रिकामी. ढोलाचा तो गाजलेला आवाज काढणारं मॉड्यूल बंद पडलं होतं. आवाज घडवला इराने, आणि स्वतःच्या नावावर खपवून बडोदेभर हार घालून घेतले या पठ्ठ्याने! उद्या नवरात्र बसणार, तेव्हा बरी तिची आठवण झाली.

"जुनं भूली जा ने, इरा. उद्या गरब्याच्या ग्राउंडवर हा आवाज नसेल तर माझी अब्रू जाईल."

"कधीच विसरले," इरा म्हणाली.

छाणीच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं नवं मॉड्यूल तिने काढलं आणि त्याला चपटी वायर जोडली. अशा वायरच्या एका कडेला लाल रेघ असते. पेटीतल्या सगळ्या मॉड्यूलांची रेघ खाली होती. इराने हिची वर ठेवली आणि स्क्रू आवळले.

सौमित्रने ते पाहिलं. वायर उलटी लागली की मॉड्यूल जळतं, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

"रेघ वर?"

"याची वरच असते. सांगून ठेवते, हात लावू नकोस. थांब, चालू करून दाखवते."

"नको!" त्याने तिच्या हातातला प्लग हिसकावला. "मी करतो नंतर. तू नीघ, ट्रॅफिक लागेल."

"तुझी मर्जी." जिन्यातून ती पुन्हा ओरडली, "रेघ वर हं!"

"चालू कुठली!" सौमित्र पुटपुटला. सूड उगवायला आली होती तर! पण तोही काही दूधखुळा नव्हता. त्याने स्क्रू काढले, वायर उपटून फिरवली, रेघ खाली केली आणि प्लग लावला.

फट्! खोलीभर जळका वास सुटला.

तासाभराने छाणीच्या वर्कशॉपमध्ये इराची भागीदार योगिनी टेबल आवरत होती. इराचा फोन वाजत होता. सौमित्रचाच, पुन्हा पुन्हा. ती उचलत नव्हती.

"एक विचारू?" योगिनी म्हणाली. "आपण सगळ्यांना रेघ खालीच ठेवून देतो. मग सौमित्रचंच मॉड्यूल तू मुद्दाम रेघ वर लागेल असं का बनवलंस?"

"चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून," इरा म्हणाली आणि तिने फोन पालथा ठेवला.